बिनकार्डाची धाव

रविवार, ४ जानेवारी २०२६. सकाळी ६ वाजून १२ मिनिटे.
नेमकी वेळ लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. अंबरनाथ पूर्वेला आमच्या ग्रुपचं वॉर्म-अप चालू असताना महेंद्रने सगळ्यांसमोर मला सांगितलं की शीलाताई, फॉर्म भरल्याशिवाय एक फेब्रुवारीला बदलापूरच्या दहा किलोमीटरला पळता येणार नाही. महेंद्र म्हणजे आमचा कॅप्टन. स्वतःच झालेला. दिल्लीच्या कुठल्याशा संघटनेने हौशी धावपटूंसाठी देशभराची सभासद योजना काढली आहे. कार्ड, नंबर, विमा, पडलात तर घरी फोन. आणि पन्नाशीच्या पुढच्यांना फॉर्मसोबत ईसीजी.
टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं सुपरवायझर असलेल्या, सहासष्टाव्या वर्षी रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या बाईला! पळायला पाय लागतात. ते माझ्याकडे आहेत.

सोमवार, ५ जानेवारी.
संकल्प: दहा किलोमीटर, सव्वा तासात, कार्डाशिवाय.
आज तीन किलोमीटर. चिखलोलीच्या रस्त्याला चार वेळा थांबले. याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. जबडा दुखतोय. दाढ असणार. डेंटिस्ट फेब्रुवारीत.

शुक्रवार, ९ जानेवारी.
बागेतल्या बाकांवर मीटिंग. विषय: सभासद होऊन फायदा काय. महेंद्रने भगवानचं उदाहरण काढलं. भगवान अंबरनाथ पश्चिमेचा. नोव्हेंबरात पळताना पडला, खिशात कागदाचा कपटा नाही, चार तास शवागारात अनोळखी इसम म्हणून पडून होता. घरी बायको पोहे झाकून वाट बघत होती. मी विचारलं, कार्ड असतं तर तो उठून बसला असता का? महेंद्र वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. मुद्दा पटला असावा.
किर्ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते, वय चौतीस, उपदेश ऐंशीच्या बाईचा. ती म्हणाली, मावशी, देशभरच्या पळणाऱ्यांची एक यादी झाली तर कोणीतरी आपलं ऐकेल, निदान रस्त्यावर दिवे लागतील. मी म्हटलं, मतदार यादी आहे की, लागले दिवे? यावर मात्र टाळ्या. मतदान घेतलं. कार्डाच्या बाजूने अकरा, विरुद्ध मी. टाळ्या वाजवणारेसुद्धा त्या अकरांत.

बुधवार, १४ जानेवारी. सकाळी ७.२०.
उल्हासनगरहून नवे बूट आणले. शेठ म्हणाला, मॅडम, ओरिजिनल जैसाच है, आँख बंद करके ले जाओ. मी डोळे उघडे ठेवून घेतले. तरी आज दोनच किलोमीटर. एवढ्या थंडीत टी-शर्ट पिळून काढावा इतका घाम. बूट नवे असले की असं होतं. डावा हात जड. काल भाजीची पिशवी त्याच हाताने आणली.
किर्तीने जिन्यात अडवलं. मावशी, तोंड पांढरंफटक पडलंय, चला, मी येते बरोबर, दहा मिनिटांत ईसीजी होतो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर शेरे मारू नयेत. हिच्या शाळेत तो तास ऑफ असावा.

मंगळवार, २० जानेवारी.
विनीत आला होता. माझा मुलगा, बदलापूर पश्चिमेला बेलवलीत राहतो. पेन्शनच्या कामासाठी माझं आधार कार्ड घेऊन गेला. जिन्यात वळून म्हणाला, आई, ते पळणं बंद कर, एक दिवस मला कोणाचातरी फोन येईल. मी म्हटलं, बंद केलं. खोटं नाही. त्या वेळी मी बसलेलीच होते.

गुरुवार, २९ जानेवारी.
मार्ग सापडला. रविवारी किर्तीला ऑफिसचं काम निघालं, ती पळत नाही. छातीवर लावायचा तिचा नंबर वाया जाणार. मागितला. म्हणाली, नको मावशी, त्या नंबरामागे माझी सगळी माहिती आहे. मग तिची लेक राजसी दोन वर्षं दुपारची कोणाच्या घरी झोपायची, याची आठवण करून दिली. दिला. अट एकच, कोणाला सांगायचं नाही. अट माझी.
ज्या योजनेत किर्तीच्या जागी मी चालते, ती योजना किती पोकळ, हे वेगळं सांगायला नको. महेंद्र शेवटच्या रेषेवर उभा असणार. सव्वा तासाने त्याचा चेहरा बघायचा आहे.

रविवार, १ फेब्रुवारी. सकाळी ४.५०.
झोप लागली नाही. उत्साह. उताणं झोपलं की श्वास पुरत नाही, म्हणून खुर्चीत बसून होते. मोबाइल घरीच ठेवते, उगाच वजन. अंगावर नंबर आणि घराची किल्ली, बस.

सोमवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.४०.
वही घरी. केसपेपरच्या मागे लिहिते आहे.
सव्वाचार किलोमीटर झाले. पुढचं आठवत नाही. रस्ता खराब होता.
नंबर स्कॅन करून लगेच इथे आणलं. हार्ट अटॅक म्हणतात. फोन गेला किर्तीच्या नवऱ्याला. वरद पुण्याहून रडत निघाला. लोणावळ्याच्या अलीकडे त्याला किर्तीचाच फोन, जेवायला आहेस का. त्याने गाडी बाजूला घेतली म्हणे, अर्धा तास हलला नाही.
माझ्या मनगटावर पट्टी: किर्ती, स्त्री, वय ३४. नर्स म्हणाली, चौतीसच्या मानाने फारच थकल्यात हो. मी खरं नाव, खरं वय सांगितलं. तिने लिहून घेतलं: रुग्णाला भ्रम, वय सहासष्ट सांगते. किर्ती काउंटरवर जाऊन म्हणाली, अहो, किर्ती मी आहे. क्लार्क म्हणाला, मॅडम, किर्ती आत अ‍ॅडमिट आहे, तुम्ही बाहेर कशा असाल? नाव बदलायचं तर पेशंटचं ओरिजिनल आधार आणा.
आधार विनीतकडे. बेलवली इथून दहा मिनिटांवर. किर्ती रडकुंडीला आली होती, मावशी, अट गेली खड्ड्यात, मी त्याला फोन लावते. मी तिचा फोन काढून उशीखाली ठेवला. तो म्हणेल, सांगितलं होतं.
उद्या साडेनऊला ऑपरेशन. कागद सगळे किर्तीचे. रक्तगट तिचा. औषधांची अ‍ॅलर्जी: नाही. मला पेनिसिलिन चालत नाही.
तेव्हा रीतसर पत्र लिहिलं. एक प्रत दिल्लीच्या संघटनेला, एक इथल्या व्यवस्थापनाला:
आपल्या योजनेमुळे एका निरोगी धावपटूची अक्षम्य गैरसोय झाली आहे. तरी उद्या, मंगळवार दिनांक ३ फेब्रुवारी रोजी सकाळी नऊच्या आत मला लेखी कळवावे की साडेनऊला आत नेणार ती बाई कोण. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.