विस्तव मागायचा न्हाई

पौष शु. ३, शके १८६५, बुधवार
गावात उंदीर पडले, पलेग आला म्हणून सगळं गाव शेतात. आमी आखाड्यावर, शेतातल्या खोपीत. वर तुराट्यांचं छप्पर, बाजूनं कडब्याच्या पेंढ्या, चूल उघड्यावर. गोदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती या थंडीत. तिला, लेकराला शेक लागणार, म्हंजे विस्तव पायजे. आणि काडीपेटी कुठंय? लढाईपायी बाजारात मिळंना. होती ती दवानं सादळली.
हे म्हणाले, "काडी कशाला? माझा आजा चकमकीवर चिलीम वढायचा." सकाळपासून ठकठक ठकठक. माझा वातीचा कापूस संपला. एक ठिणगी पडली ती यांच्याच धोतरावर. शेवटी एका वाटसरूच्या विडीवर चूल पेटली. आज्याचं नाव पुन्हा न्हाई काढलं.

शु. ४, गुरु.
पलीकडच्या आखाड्यात धाकट्या दिराची चूल दिवसभर धडधडायलीय. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत अबोला. हे म्हणतात, "धाकल्याच्या दारात विस्तवाला गेलीस तर माझं नाव सोड." त्यात रखमाची, म्हंजे माझ्या जावेची, सून परवा बाळंत झाली. बाळंतिणीच्या घरातला विस्तव दहा दिवस बाहेर देत न्हाईत. यांना तर उकळ्याच फुटल्या. "बघ, मागितला तरी द्यायचे न्हाईत!"
बरं बाबा. कालची चूल रातीच विझलेली, मग गारगोटीच्या ठिणगीपायी देवाचा कापूर गेला. एरंडेल गेलं. नारळाची शेंडी गेली. खोबऱ्याची वाटी, डिंकाच्या लाडवाला जपून ठेवलेली, तीबी गेली. नुसता धूर. गोदी खोकून बेजार.

शु. ५, शुक्र.
यांनी माझा वाचायचा चष्मा नेला. भर दुपारी उन्हात धरून वाकळंतल्या कापसावर नेम. पेटलं खरं! काय मिरवले. "बघितलीस अक्कल?"
म्हणलं, "लय बघितली. आता पहाटं सूर्याला हाक मारा, लौकर ये म्हणावं."
चष्मा धुरकटून परत आला. हे लिहिलंय ते अंदाजानं.

शु. ६, शनि.
कालचा विस्तव गोवरीत धरून राखेखाली पुरला होता. न उकरता सकाळपर्यंत टिकतो. पण या माणसाला दम कुठं? घडीघडी राख सारायची. "जगलाय का गं?" सकाळी बघते तर गार. मग जे भांडलो ते भांडलो. गोदी म्हणली, "आई, आता पुरं करा. माझ्या पोटात कसंतरी व्हायलंय."
अजून दिवस भरायचेत तिचे.

शु. ७, रवि.
धुई. समोरचं माणूस दिसंना. पहाटंपासून गोदीला कळा. पऱ्हाट्या, गोवऱ्या, कडबा, सगळं वलं. सूर्याचा पत्ता न्हाई. हे आपले गारगोटी आपटायलेत, बोट फुटलं तरी आपटायलेत. पाणी बर्फासारखं. पोरगी दात वाजवायलेली.
उठले. यांच्याकडं बघितलं न्हाई.
रखमा दारातच होती. म्हणलं, "विस्तव दे." तिचं तोंड उतरलं. "अक्का, कसा देऊ? आत वली बाळंतीण हाय. लेकराला काय झालं तर..."
खरंच होतं तिचं. मीबी दिला नसता. तरी रडू फुटलं, रागबी आला. माघारी फिरले तर मागनं धावत आली. "आवं, विस्तव बाहेर जात न्हाई म्हणलं. गोदीला आत आणायला कोण नको म्हणतंय? चला, बाज उचलू."
बाज दिरानं आणि त्याच्या लेकानं उचलली. हे हातात गारगोटी घेऊन नुसते बघत उभे.
दुपारच्या आत गोदी मोकळी झाली. मुलगी. एका शेगडीला दोन बाळंतिणी शेकायल्यात. देवा, तुझे उपकार.

शु. ९, मंगळ.
मी इकडंच. हे एकटे आपल्या आखाड्यावर. रखमाच्या चुलीवरची भाकर धाडली तर परत पाठवली. शेंगा-गुळावर दिवस काढायलेत. मेलं हे पुरुषांचं नाक!
आज लुगडी आणायला गेले. यांनी खाली बघूनच विचारलं, "लेकरू निजतं का?"
"उबेत हाय, म्हणून निजतं."
मग, "कुणावर गेलंय?"
"नाकानं तुमच्यावर गेलीया. हट्टानं जाऊ नये म्हंजे मिळवली."
पटका बांधला. माझ्या मागं मागं आले. रखमाच्या अंगणाच्या कडंला थांबलेत. आतबी न्हाई, माघारीबी न्हाई. दिरानं बघितलं, तोबी गप. दोघं सख्खे भाऊ हो!
रखमा कानाशी म्हणायली, "अक्का, हाक मारू का?"
म्हणलं, थांब. जरा गारठू दे.