आईला हेझलफर्डला जायचं आहे

प्रिय पर्णिका,

फोनवर मी सलग दोन वाक्यं बोललो की तू म्हणतेस, "बाबा, भाषण नको, पॉइंटवर या." म्हणून हे पत्र. मराठी वाचताना तू अडखळतेस हे ठाऊक आहे. रेयांश शाळेत गेल्यावर सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुझी आई इथे आखातात, रास अल खैमात बसून रोज तुमच्या विलायतेतल्या हेझलफर्डला निघते. खिडकीतून सिमेंट कारखान्यामागचा उघडा डोंगर दिसला की म्हणते, टेकडी आली, आता चर्च दिसेल. तिला आमचं लग्न आठवत नाही, डोंबिवलीचं माहेर आठवत नाही. पण तुमच्या गावातल्या पोस्टाच्या दुकानात पावही मिळतो, ओढ्यावरच्या लाकडी पुलाला एकाच बाजूला कठडा आहे, हे आठवतं.

एवढ्या संसारातून तुझ्याकडे काढलेला तेवढाच एक वसंत तिने का उचलून ठेवला, यावर मी खूप विचार केला. रेयांशच्या बाळंतपणाला तुझ्याकडे आली, त्या पहिल्याच आठवड्यात तिचा घाबराघुबरा फोन आला होता: अहो, इथली माणसं सरळ दुसऱ्याच्या शेतातून चालत जातात! मग तू तिला समजावलंस, शेत कुणाचंही असो, पायवाट सगळ्यांची. फाटक उघडायचं, आत जायचं आणि मागे नीट लावून घ्यायचं. त्यानंतर ती एकटी फिरू लागली. शेतकऱ्याने टोपी उचलून अभिवादन केलं त्याचं केवढं कौतुक! मेंढ्या टक लावून बघायच्या, तर त्यांना मराठीत दरडावायची, "काय बघता गं? साडी पाहिली नाही कधी?" इथे उन्हातून साधं बकाल्याच्या दुकानात दूध आणायला जायचं तरी गाडी लागते, आणि गाडी मी चालवायचो. इथल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावर बायकांच्या मोकळेपणावर मी टेबल आपटून बोलायचो, तेव्हा ही पहिल्या रांगेतून मनगटावरचं घड्याळ दाखवायची. मोकळेपणा तिला मिळाला तो तुमच्या चिखलातल्या पायवाटेवर. म्हणून तिला तिथे जायचं आहे, असं मी ठरवून टाकलं. तुलाही तेच सांगत आलो.

गेल्या महिन्यात मी आंघोळीला गेलो असताना ती बाहेर पडली. शेजारच्या अरबाच्या खजुराच्या बागेचं फाटक उघडलं, आत गेली, मागे व्यवस्थित लावून घेतलं आणि बाग ओलांडून पलीकडे निघाली. माळी रफिक सांगत होता, "साब, अम्माने गेट ऐसे बंद किया, मुझे लगा मालिक की मेहमान हैं." पलीकडे ट्रकांचा रस्ता. कारखान्याच्या भिंतीशी उभ्या असलेल्या ट्रकच्या सावलीत ती सापडली. पायात चपला नव्हत्या. तळव्यांना फोड आले होते, आणि तोंडाने एकच चाललं होतं, उशीर झाला, उशीर झाला.

त्या दिवसापासून दाराला बाहेरून कुलूप आहे, पर्णिका. मी लावलेलं. डॉक्टर म्हणाले, खलास, अंकल, आता घरी जमणार नाही, केअर होम बघा. तू म्हणालीस, पुण्यात चांगलं होम आहे, बी प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकल! माणूस अडचणीचा झाला की त्याला चांगल्या इमारतीत नेऊन ठेवायचं आणि त्याला शहाणपण म्हणायचं, याच्याविरुद्ध मी जन्मभर ओरडलो. पण ओरडून तिला भात भरवता येत नाही. ती माझ्या हातचं खात नाही. मला 'वॉचमन' म्हणते. कालपर्यंत मी यावर हसत होतो.

काल मी औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर खाली पोलिसांची गाडी. आईने खिडकीतून मदतीसाठी हाका मारल्या होत्या. रस्त्यावरच्या कुणीतरी फोन केला. पोरगेलासा पोलीस, फार सभ्य. त्याला हिंदी येत होतं. माझ्याकडे बोट दाखवून त्याने तिला विचारलं, माँजी, ये कौन है? ती म्हणाली, "वॉचमन. जाने नहीं देता. मेरी बेटी पर्णिका पेट से है, वहाँ उसका कोई नहीं. मैं नहीं पहुँची तो वो अकेली क्या करेगी?"

मी लग्नाची आणि तिच्या आजाराची कागदपत्रं दाखवली. पोलिसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेला. मी जिन्यातच बसून राहिलो. टेकडी, पायवाटा, मोकळेपणा, ते सगळं माझं भाषण होतं गं. ती गावाला निघालेलीच नाही. ती तुझ्याकडे निघाली आहे. तू अजून बाळंत व्हायची आहेस आणि आपण पोचलो नाही, या धास्तीत ती दिवसभर दार ठोठावते. मी काय सांगू तिला? नातू आठ वर्षांचा झाला हे मी सांगितलं. वॉचमनचं कोण ऐकतं?

तू म्हणालीस, मेंढ्या विताहेत, मेपर्यंत जनावरांचा दवाखाना सोडता येणार नाही. मेंढ्यांना दुसरा डॉक्टर मिळेल. तू बरी आहेस, बाळ सुखरूप आहे, हे तिला तुझ्याच तोंडून ऐकू दे. फोन दिला तर ती कानाला लावत नाही, तुझा हात शोधते. ती तुला ओळखेल की नाही, तेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. रेयांशला घेऊन ये. आजच नीघ.

तुझाच,
बाबा