खोक्यावरचा नंबर

आई, बांगडीची काच सापडली ते खोकं मी भरलं होतं. तुला हे माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मलाही कळत होतं. पण आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही.

मी अकरावीत होते. शनिवारी कॉलेज लवकर सुटायचं आणि मी घरी न जाता ओझरच्या रस्त्यावर तू कामाला होतीस त्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये यायचे. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हातात बारकी कात्री. घड उचलायचा, उजेडाकडे धरायचा, खराब मणी छाटायचा आणि खोक्यात ठेवायचा. प्रत्येकीला नंबर होता. तुझा बावीस. भरलेल्या प्रत्येक खोक्यात आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मावशी, परदेशातला माणूस खोकं उघडतो तेव्हा त्याला तुम्ही दिसता." त्यावर तू म्हणाली होतीस, "मंग मी नीट पदर घेऊनच बसते," आणि सगळं टेबल हसलं होतं. मी तुझ्याशेजारी बसायचे, तुझ्याच चिठ्ठ्या वापरायचे. साहेब काणाडोळा करायचे, कारण माझा हात चालायचा. काचेच्या बांगड्या दारात काढून ठेवायचा नियम होता. तू रोज काढायचीस. त्या शनिवारी मी मावसबहिणीच्या लग्नातला हिरवा चुडा तसाच घालून बसले. मला तो फार आवडला होता. एक बांगडी पिचली तेव्हा मी तुकडे उचलून ओढणीत बांधले. सगळे उचलले असं मला वाटलं.

दीड महिन्याने परदेशातून फॅक्स आला. मी त्या दिवशीही तिथेच होते. साहेबांनी तो सगळ्यांसमोर मराठीत सांगितला. खोक्यात हिरव्या काचेचा तुकडा, आत चिठ्ठी बावीस नंबरची. सगळ्या बायका तुझ्या हातांकडे बघतात. तुझे हात मोकळे आहेत, नेहमीसारखेच. साहेब विचारतात, "मावशी, हे कसं काय?" मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी आहे, हात ओढणीखाली. तू म्हणतेस, "नंबर माझा हाय ना सायेब? मंग खोकं बी माझंच." एवढंच. तुला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. घरी आल्यावर तू परात ओढलीस, पीठ घेतलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बांगड्या काढ आधी. भाकरीत काच जायची." मी काढल्या. भाकरी झाल्या, आपण जेवलो. उरलेला सीझन तू पिंपळगावला कांद्याच्या शेडवर गेलीस. संध्याकाळी तुझ्या केसांत कांद्याची टरफलं असायची. ती काढायला मी कधी पुढे झाले नाही. पुढच्या वर्षी साहेब बदलले आणि तुला परत घेतलं, नवा नंबर देऊन.

मी अठराची असताना तू गेलीस. काही वर्षांनी मीही त्याच धंद्यात आले. टेबलावर नाही, कॉम्प्युटरवर. तोवर चिठ्ठ्यांचा जमाना संपला होता. आता प्रत्येक बागेला नंबर. कधी कुठलं औषध मारलं त्याची नोंद, लॅबचा रिपोर्ट, तोडणीचा दिवस, सगळं त्या एका नंबराखाली. तिकडच्या दुकानात उभं राहून कोणी विचारलं की ही द्राक्षं कुठली, तर इथे मला पाच मिनिटांत बाग सांगता यायची, बागवाला सांगता यायचा. मला ते काम जमायचं. आवडायचं की नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही.

एका मार्चमध्ये कंटेनर भरायला थोडा माल कमी पडला. मालकाने बिननोंदणीच्या बागेतून दोन पिकअप मागवल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, हे दिंडोरीच्या काकांच्या नंबरावर टाका. त्यांचा माल आजच आलाय, कोण बघतंय?" मी टाकलं. हे काका म्हणजे बहात्तर वर्षांचे, औषधांची वही स्वतःच्या अक्षरात लिहिणारे. नोंदणी करायला आले होते तेव्हा वहीचं प्रत्येक पान मला दाखवून गेले होते. तीन आठवड्यांनी तिकडून निरोप आला. द्राक्षांत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. खोक्यांवरच्या नंबरवरून शोध घ्यायला मलाच सांगितलं आणि पाच मिनिटांत काकांची बाग समोर आली. त्यांची निर्यातीची नोंदणी थांबली. अजून निम्मा माल वेलीवर होता.

काका ऑफिसात आले. वही टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरी, मी हे औषध आणलंच नाय कधी. तुझ्या कॉम्प्युटरला ईचार ना पुन्हा." मी पुन्हा बटणं दाबली. पुन्हा तीच बाग आली. ते स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "त्यात लिवलंय म्हंजी माझंच आसंल." आणि वही काखेत मारून निघून गेले.

मी अकरा दिवस गप्प राहिले. अकरा दिवस कामावर गेले, डबा खाल्ला, सिटी बसने घरी आले. बाराव्या दिवशी आवक रजिस्टरचं ते पान झेरॉक्स केलं, गाड्यांचे नंबर आणि मालकाचं बोलणं एका कागदावर लिहिलं आणि कृषी खात्याच्या ऑफिसात नेऊन दिलं. तुला वाटेल मला तेव्हा तुझी आठवण आली असेल. नाही आली. भीतीही वाटली नाही, बरंही वाटलं नाही. टपाल टाकावं तसं टाकून आले. मालकाने मला काढलं, पुढे त्याचं लायसनही गेलं. काकांची नोंदणी सुटली, पण तोवर मणी वेलीवरच लिबलिबीत झाले होते. त्यांनी ते मिळेल त्या भावाने बेदाण्याला घातले. मी दिंडोरीला जाऊन त्यांना भेटले. त्यांनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांगितलंस ते चांगलं केलंस. पर त्या दिवशी मी तुझ्याम्होरं बसलो व्हतो, तवा का नाय बोललीस?" त्यांच्या सुनेने चहा आणला, तो मी पूर्ण प्यायले.

आता मी शाळेच्या ऑफिसात आहे, दाखले काढते. तिथे जन्मतारखा लिहिताना तुझी एक गोष्ट डोक्यात येते, म्हणून हे लिहायला बसले. तू सिव्हिल हॉस्पिटलात गेलीस तेव्हा मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीतल्या माणसाने तुझी जन्मतारीख विचारली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. तू पेठकडच्या कुठल्याशा पाड्यावरून आलेली, एवढंच मला ठाऊक होतं. पाड्याचं नावही नाही. मागे रांग होती. मी म्हणाले, "एक जून." मास्तर लोक तारीख नसलेल्या पोरांना शाळेत घालताना लावतात, तीच. वर्ष मनानेच सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही. तुला विचारायला सतरा-अठरा वर्षं हाताशी होती, आई. मला ते कधी सुचलंच नाही.