फुलांच्या फलकावर एका दुपारपुरते कापड

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
रानफुले पर्यटन मंडळ,
कूरावेल कार्यालय.

दिनांक: ५ सप्टेंबर २०२२

विषय: चक्रफुलांच्या फाट्यावरील मोठा फलक शुक्रवार, २३ सप्टेंबर रोजी दुपारी झाकून मिळण्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ: अर्जदाराचे एप्रिल, जून व जुलै महिन्यांतील अर्ज आणि त्यांवरील आपली पत्रे.

महोदय,

१. अर्जदार क्लॅरी वॉल्श, वय ७६, राहणार दहा मैल वस्ती, याच्या जून नावाच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले ते २०१८ साल. मे ते जुलैच्या त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता आणि ऑगस्टमध्ये वस्तीभोवतीची लाल माती गुलाबी-पांढऱ्या कागदफुलांखाली दिसेनाशी झाली होती. लग्नाचे पाहुणे परतले नाहीत तोच पर्थहून एक फोटोग्राफर आले. त्यांना चक्रफूल हवे होते. हे फूल खडीच्या रस्त्याकडेला, जमीन उकरलेली असेल तिथे, गोल कड्यासारखे मातीला चिकटून येते. बाहेरचे लोक त्याला पुष्पचक्र म्हणतात. अर्जदाराची पत्नी अशा पाहुण्यांना घेऊन जाई आणि पोटावर झोपायला लावी. "उभ्याने काढलास तर नुसता बाजार येईल. फूल बघायचंय ना? मग त्याच्याएवढा हो," असे ती सांगे, आणि चांगल्या कपड्यांतली माणसे निमूट मातीत आडवी होत. त्यांचे झाले की ती स्वतःही फुलांत बसून राही, घरी यायचे नाव काढत नसे. तेव्हा फुले बघणाऱ्यांशी व त्यांचे फोटो काढणाऱ्यांशी अर्जदाराचे काही भांडण नाही, हे आधीच नमूद केलेले बरे.

२. फोटोग्राफरनी शेवटी तिलाच फुलांत बसवले. ती म्हणाली, "अरे, फुलं सोडून माझ्या सुरकुत्या कशाला काढतोस?" मागे तिची थोरली बहीण, म्हणजे अर्जदाराची मेहुणी, चहा उकळायचा, धुराने काळा पडलेला डबा धरून उभी होती. तिने ओरडून सांगितले, "आणि मागच्या भुताला वगळ रे बाबा!" दोघी हसल्या, तेवढ्यात फोटो निघाला. गेल्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले आणि फाट्यावर दुमजली घराएवढा फलक उभा राहिला. तेव्हा कोणाची हरकत नव्हती. अर्जदाराची पत्नी गाडी थांबवून फलकाखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "क्लॅरी, माझ्या एका नाकपुडीत अख्खा कांगारू मावेल."

३. या वर्षी मार्चमध्ये ती वारली. वस्तीवर माणूस गेले की त्याचे नाव घेत नाहीत आणि त्याचा चेहरा कोणासमोर येऊ देत नाहीत. घरचे सगळे एकत्र बसून 'आता चालेल' म्हणतात, तोपर्यंत हे पाळायचे असते. त्याला वर्ष लागते, कधी दोन-तीनही. घरातले फोटो जूनने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवले. नातीला आजीचेच नाव होते. तिला आता शाळेतसुद्धा 'छोटी' म्हणतात. राहिला तो फाट्यावरचा फलक. वस्तीवरून दुकानात, दवाखान्यात, कोठेही जायचे तर डांबरी रस्ता एकच आहे आणि तो या फलकाखालून जातो.

४. फलक झाकावा, असा पहिला अर्ज एप्रिलमध्ये केला. तो परत आला, कारण रकाना क्र. ४, 'मृत व्यक्तीचे पूर्ण नाव', रिकामा होता. म्हणून अर्जदार स्वतः कार्यालयात आला. खिडकीवरच्या बेव्हबाई मनाने चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही नुसतं सांगा, मी लिहिते." अर्जदाराने सांगितले की सांगताच येत नाही. "मग कुणाबद्दल आहे हे मला कसं कळायचं?" असे म्हणून त्यांनी भिंतीवरचे, तेच चित्र छापलेले मंडळाचे कॅलेंडर काढले आणि अर्जदाराच्या तोंडासमोर धरले. "हीच ना?" अर्जदार आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. "अहो काका, बघितल्याशिवाय हो कसं म्हणाल?" अर्जदाराने बघितले नाही. अर्जावर 'ओळख पटली नाही' असा शेरा पडला.

५. आपल्या मे महिन्याच्या पत्रात असे म्हटले आहे की, अर्जदारास लिहिता येत नसल्यास कार्यालय मदत करील. त्याबद्दल खुलासा असा. अर्जदाराचे आयुष्य मेंढ्यांच्या कुरणांवर कुंपणे ओढण्यात गेले आणि पन्नाशी उलटेपर्यंत त्याला अक्षर येत नव्हते, हे खरे आहे. पुढे पत्नीने शिकवले, गाडीच्या बॉनेटवरच्या धुळीत बोट फिरवून. पहिला शब्द तिने स्वतःचे नाव घेतला. "तुझं नाव तू विसरायचा नाहीस. माझं विसरशील," असे तिचे म्हणणे होते. तेव्हा रकाना क्र. ४ रिकामा राहिला तो लिहिता येत नाही म्हणून नव्हे.

६. जून महिन्यातल्या अर्जावर आपले उत्तर आले की, चित्राचा मुख्य विषय फुले हा असून त्यातील व्यक्ती केवळ अनुषंगिक आहेत, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही. अर्जदाराने हे मेहुणीला वाचून दाखवले. 'अनुषंगिक' म्हणजे काय, ते समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आपण गवत." जुलैच्या अर्जावर मात्र कार्यवाही झाली, त्याबद्दल आभार. फलकाच्या खालच्या कोपऱ्यात पाटी लागली: 'या चित्रात मृत व्यक्ती असण्याची शक्यता आहे. संबंधितांनी कृपया पाहू नये.' अक्षरे बोटाच्या पेराएवढी आहेत. पाटी वाचायची तर गाडीतून उतरून चित्राच्या पायथ्याशी जावे लागते आणि मान वर करून आधी चित्र पाहावे लागते.

७. त्यानंतर अर्जदाराच्या पुतण्याने, लेस्टरने, फलकावर चढून ताडपत्री बांधली. कोणी सांगितले नव्हते, पण कोणी अडवलेही नाही. संध्याकाळच्या आत आपल्या माणसांनी ती उतरवली आणि फलकाभोवती कुंपण घातले. पत्र आले की, फुलांचा हंगाम सुरू झाला आहे, हंगाम संपल्यावर ऑक्टोबरमध्ये विचार करता येईल. हंगामात लोक फलकाखाली उभे राहून फोटो काढतात. अर्जदाराने स्वतः पाहिले, एक बाई कुंपणातून हात घालून त्या गालाखाली आपला गाल धरून हसत होत्या. त्यांचा काही दोष नाही. त्यांना ती हसताना दिसत होती.

८. आता मेहुणीबद्दल. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी कूरावेलला न्यावे लागे. मार्चनंतर लेस्टर तिला ओढ्यातल्या जुन्या वाटेने नेत असे, म्हणजे फाटा टळत असे. ऑगस्टमध्ये पाऊस झाला. त्याच पावसाने यंदा एवढी फुले आली आहेत आणि त्याच पावसाने ओढ्याची वाट गेली. मग डांबरी रस्त्याने, गाडीच्या तळाशी आडवी होऊन, अंगावर घोंगडी घेऊन ती जाऊ लागली. असे काही फेरे झाले. एके दिवशी ती गाडीत चढेचना. लेस्टर म्हणाला, "मावशे, डोळे मिट ना, दोन मिनिटांचा तर रस्ता आहे." ती म्हणाली, "मी मिटीन रे. तिचे उघडे आहेत त्याचं काय?" जूनने विनवले, अर्जदार रागावला, नर्सबाई वस्तीवर येऊन गेल्या. "मेंढरासारखी तळाशी पडून मी माझ्या बहिणीखालून जाणार नाही. आणि बसून तर नाहीच नाही," असे तिने सांगितले. अंगावर सूज चढली तेव्हा शुद्ध हरपली होती, म्हणून रुग्णवाहिकेतून फाट्यावरून नेता आले. ती रुग्णालयात वारली. दाखल्यावर कारण मूत्रपिंडे असे आहे. ते बरोबर आहे. अर्जदार त्याहून वेगळे काही म्हणत नाही.

९. लांबचे नातलग पोचल्यावर, २३ तारखेला दुपारी, तिला वस्तीवर आणायचे आहे. बहिणीशेजारी जागा उकरून ठेवली आहे. मागे सगळे नातलग असतील, लहान मुलेही असतील. रस्ता तोच आहे. आपल्या चित्रात मागे, डाव्या बाजूला, चहाचा डबा धरून जी उभी आहे, ती हीच. म्हणजे तिला स्वतःच्या हसऱ्या तोंडाखालून न्यावे लागेल. चित्र घरचे हो म्हणेपर्यंत झाकावे, असे पूर्वी मागितले होते. ती मागणी अर्जदार मागे घेत आहे. आता मागणी एवढीच आहे की, त्या दुपारी गाड्या जाईपर्यंत फलकावर कापड टाकावे. कापड वस्तीवरून आणू, चढायला लेस्टर आहे, आपला एकही माणूस लागणार नाही. फक्त कुंपणाचे कुलूप उघडून द्यावे. गाड्या गेल्या की कापड काढू. फुले पाहणाऱ्यांची गैरसोय होणार नाही.

१०. अर्ज पुन्हा अपूर्ण म्हणून परत येऊ नये, यासाठी रकाना क्र. ४ अर्जदाराने स्वतःच्या हाताने भरला आहे. जूनला हा कागद दाखवलेला नाही. विनंती आहे की, वाचून झाल्यावर तो पालथा ठेवावा आणि बेव्हबाईंनी खिडकीवर ही नावे मोठ्याने उच्चारू नयेत.

उत्तराची वाट पाहणारा,
क्लॅरी वॉल्श
दहा मैल वस्ती

सोबत: रुग्णालयाचा दाखला.

रकाना क्र. ४ (यापूर्वी रिकामा ठेवलेला):

डल्सी वॉल्श, अर्जदाराची पत्नी. १४ मार्च २०२२ रोजी वारली.
पर्ल कॉर्डेल, तिची थोरली बहीण. १ सप्टेंबर २०२२ रोजी वारली.