‘संकीर्ण’ या शब्दाविषयी

२६ जानेवारी १९९७, सायंकाळ

विमल तुकाराम साळवे, तू गेल्यानंतरची ही पहिली ग्रामसभा. सदस्यांच्या ओळीत तुझ्या खुर्चीवर कोणी बसले नाही. वस्तीच्या नळाची तुझी मागणी अंदाजपत्रकात पुन्हा ‘संकीर्ण’ या सदरात ढकललेली होती. ग्रामसेवकांनी ते घाईने वाचले आणि वाचन संपण्यापूर्वीच नेहमीप्रमाणे ‘मंजूर, मंजूर’ असा गजर झाला.

तेवढ्यात आपल्या शेजारच्या गंगूबाई उठल्या.

“थांबा की! संकीर्ण म्हंजी काय वो भाऊसाहेब?”

“इतर, मावशी. किरकोळ.”

“इतर म्हंजी कोन? आमीच व्हय?”

सभा हसली. गंगूबाई हसल्या नाहीत. “विमल असती तर तिनं इचारलं असतं. नळ हाय तर नळच लिवा.”

संकीर्ण! इतकी वर्षे मी हा शब्द शाळेत शिकवला. असा प्रश्न मला का सुचला नाही?

अखेर नळाचे स्वतंत्र सदर लिहिले गेले. मी उभा राहून अनुमोदन दिले. सभा संपताच तुला सांगावे म्हणून भरभर घराकडे निघालो. चावडीपर्यंत गेलो, आणि मग आठवले, आपल्या संसारात आता मी एकटाच.

परत फिरलो. सभेसाठी उघडलेल्या शाळेला कुलूप लावले. किल्ल्या मुख्याध्यापकांना परत केल्या.