वारशाला नवी बटणं

३ मार्च, सकाळ
आजपासून मागची खोली म्हणजे ‘वस्त्रस्मृती संग्रह’. बायको अजून अडगळच म्हणते. आई शिवणकाम करायची. तिचे, बाबांचे, आत्याचे कपडे आता मी जपणार. फॅशनचं शिक्षण कुठे घेतलेलं नाही, त्यामुळे नजर बिघडलेली नाही.

५ मार्च
संग्रहालयातल्या बाई बघायला येणार! पसंत पडलं तर तिथे आईच्या नावाचं कपाट, कायमचं. आईचं नाव काचेवर!
संकल्प: एका धाग्याचीही तडजोड नाही.

८ मार्च
बाबांचा कोट फारच ढगळ. बाबा असे गबाळे दिसायचे नाहीत. (आत्या फोनवर म्हणाली, अगदी असेच दिसायचे. तिचं वय झालंय.) कमरेत आत घेतला. पितळी बटणं लावली. आता बाबा बाबांसारखे वाटतात.

११ मार्च
आत्याचा फ्रॉक विटलाय. मूळ रंग निळाच असणार. रंगवला. आत्या म्हणते, अरे गाढवा, पिवळा होता. लोकांच्या आठवणींवर विसंबून इतिहास जपता येत नाही.
बादली निळी. बायकोचा टॉवेल निळा. अबोला.

१५ मार्च
आईचा शिवणाचा एप्रन बाद. ठिगळावर ठिगळ, खिशात गंजक्या टाचण्या, खडूचे डाग. स्टाइल शून्य. बायकोनं उचलला. म्हणाली, राहू दे, सासूबाई जवळ असल्यासारखं वाटतं. भावनेच्या भरात जाते ती. संग्राहकाला ते परवडत नाही.

१९ मार्च, दुपार
बाई येऊन गेल्या. पांढरे हातमोजे घालून! कोट बघून म्हणाल्या, छान आहे, कुठल्या दुकानातून घेतलात? फ्रॉक उचलला. हातमोजे निळे. मग हळूच विचारलं, जुनं असं काही आहे का?
तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. एप्रन बांधून. बाई चहा विसरल्या. आईचे टाके, टाचण्या, खडू, सगळं डोळे भरून बघत बसल्या. मी म्हटलं, थांबा, निदान इस्त्री करून देतो. दोघी एकदम ओरडल्या, नको!

२ एप्रिल
काचेवर आईचं नाव लागलं. वाचताना चष्म्यावर धूळ आली. खाली बारीक अक्षरात: ‘सुनेकडून’. मुलाचा उल्लेख जागेअभावी राहिला असावा.
एप्रनची डावी नाडी जरा लांब लोंबतेय. बघवत नाही. जवळ गेलो, तर रखवालदार म्हणाला, काका, मागे व्हा. आणि बाईंनी सांगितलंय, तुमच्या खिशातली कात्री इथे टेबलावर ठेवा.