चिमणाबाईच्या काळजातली पाण्याची पिशवी

मी, चिमणाबाई सयाजी सणगर, वय अडतीस, धंदा घोंगडी विणणे, राहणार नेसरी, तालुका गडहिंग्लज, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली न येता आणि पोटावरचे टाके कालच निघाले असताना, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. लेखनिक म्हणतात, एवढ्या आनंदाने मृत्युपत्र सांगणारी बाई त्यांनी पाहिली नाही. त्यांनी माझे पोट कुठे पाहिले होते?

१. माझे दीर गुंडू सणगर यांनी मी तापात असताना माझा अंगठा घेऊन, माझे घर माझ्यामागे त्यांना मिळावे असा जो कागद केला, तो मी रद्द करते. तो मला वाचून दाखवला नव्हता.

२. कारण सांगणे भाग आहे. पती वारल्यावर दोन वर्षांनी माझे पोट उजवीकडून वाढू लागले. विधवेचे पोट, गावाने लगेच अर्थ लावला. मी पाणवठ्यावर गेले की बायका गप्प होत. नऊ महिने झाले, वर्ष उलटले, पोर काही बाहेर येईना, तरी कोणाला शंका आली नाही. दीर म्हणाले, "वैनी, घराण्याचं नाक कापलंत." मी म्हणाले, "भाऊजी, शपथ घेते, तसलं काय न्हाय. दुखतंय एवढं खरं." पोर आत अडले आहे असे धरून त्यांनी पोट चोळून पाडणारी एक बाई घरी आणली.

तिने तेल कोमट केले, बाह्या सारल्या. तेवढ्यात माझी जाऊ तानाबाई, म्हणजे याच गुंडूंची बायको, मागाची फळी उचलून माझ्या अंथरुणापुढे उभी राहिली. नवऱ्यापुढे तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आक्काच्या पोटाला हात लावायचा न्हाय. मी हाय हितं."

दीर ओरडले, "बाजूला हो!"

"न्हाय हुणार. सकाळच्या गाडीनं हिला कोल्हापूरला न्हेणार. आडवायचं आसंल तर आधी मला मारा की!"

तेलवाली बाई तेल तिथेच टाकून पळाली. सकाळी आम्ही दोघी एस.टी.त होतो. खड्डा आला की तानाबाई दोन्ही हातांनी माझे पोट सावरायची.

३. कोल्हापुरात फोटो काढला, ऑपरेशन झाले. काळजात, म्हणजे यकृतात, नारळाएवढी पिशवी निघाली. आत पाणी आणि पाण्यात द्राक्षांसारख्या लहान पिशव्या. शिरगावकर डॉक्टरीणबाईंनी काचेच्या बरणीत घालून दाखवल्या. रोगी बकऱ्याचे काळीज कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीक चपटे जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीला, कुत्र्याच्या केसांना लागतात आणि आपल्या हातांवाटे पोटात जातात. मग वर्षानुवर्षे पिशवी वाढते. क्वचित होणारा आजार आहे म्हणाल्या.

मी विचारले, "म्हंजे पोर न्हवं?"

"पोर कसलं! जंताचं घर होतं ते. आणि कुणी चोळून ते आत फुटलं असतं, तर तुम्ही जागीच गेला असता."

मी इतक्या मोठ्याने "व्हय?" म्हणाले की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. तानाबाई रडू लागली आणि मी हसू लागले. टाके ओढत होते, तरी हसले.

४. वाटणीत पतीकडून मला आलेले दोन खणांचे घर परसासह माझ्यामागे तानाबाई हिला एकटीला मिळावे. तिच्या नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. मी जिवंत आहे तोवरही ती तिथे हवी तेव्हा राहील.

५. माग, फण्या आणि शिल्लक लोकर शेजारच्या पिंजाऱ्यांच्या नजीराला. गाव गप्प असताना ती लोकर पिंजून आणायची आणि मुद्दाम दारात बसून माझ्याशी मोठमोठ्याने बोलायची.

६. कुत्रा काळ्या. त्याला कोणी मारू नये, त्याची चूक नाही. मात्र त्याला कच्चे काळीज, फुप्फुस घालू नये, आणि त्याला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरी मोडू नये. जत्रेत ज्या बकऱ्याच्या काळजात पाण्याचे फोड दिसतील, ते काळीज खोल पुरावे. हे मी स्वतः गावात ओरडून सांगणार आहे. मी नसेन तेव्हा नजीराने सांगावे.

७. बरणी शिकणाऱ्या मुलांसाठी दवाखान्यात ठेवायला दिली आहे. नेसरीचे कोणीही आले तर दाखवावी, ही अट. पहिला मान दिरांचा.

८. दीर गुंडू यांस काही नाही.

९. इथवर लिहून होते तोच दीर शोधत आले. त्यांच्यादेखत सगळे पुन्हा मोठ्याने वाचायला लावले. ते खाली बघत म्हणाले, "वैनी, मला काय ठावं हुतं?" तानाबाई म्हणाली, "मी आजपास्नं आक्काच्या घरात ऱ्हाणार. तुमाला यायचं आसंल तर दार वाजवून या." हेही लिहा, असे मी सांगितले.

वरील मजकूर ऐकला, पटला, म्हणून निशाणी केली.

चिमणाबाई सयाजी सणगर, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. इमाम पिंजारी, नेसरी, नजीराचे चुलते, भेटीस आलेले (सही)
२. धोंडुबाई चौगुले, मुरगूड, शेजारच्या खाटेवरील (अंगठा)

तानाबाईला घर मिळते म्हणून तिची साक्ष घेतली नाही.

लेखनिक: आकाराम देसाई
कोल्हापूर, ९ फेब्रुवारी १९७३